कन्सोल कोणता घ्यावा

९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्या कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. जहाज कुठल्या बंदराला लागलंय हे त्यांना माहीत असतं, तुझ्या बहिणीला नसलं तरी. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा तो विषय काढत नाही. आणि घाबरू नकोस, घरचं काही नाही. कामाचं आहे.

आपल्या नाट्यगृहाचा लाइटचा कन्सोल आता गेल्यात जमा आहे. तोच, सरकत्या पट्ट्यांच्या दोन ओळींचा. वरच्या ओळीत चालू प्रसंग, खालच्या ओळीत पुढचा लावून ठेवायचा आणि कडेचा दांडा ओढून एकातून दुसऱ्यात जायचं. आता कुठलीही पट्टी सरकवली की खरखर होते आणि दिवे थरथरतात. गेल्या प्रयोगात मरणाचा प्रसंग चालू होता आणि सगळं स्टेज दुकानाच्या पाटीसारखं लुकलुकायला लागलं. प्रेक्षक हसले. मरणारा नटसुद्धा हसला म्हणतात, पण तो तोंड फिरवून पडला होता, त्यामुळे वाचला.

मी आता इथली व्यवस्थापक आहे, हे तुला माहीत नसेल. म्हणजे बुकिंग, किल्ल्या, बिघडलेले नळ आणि समितीच्या बैठकीत सगळ्यांसाठी चहा. कन्सोल निवडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. समितीचा हात नेहमीसारखाच आखडता आहे, म्हणून स्वस्तातले तीन पर्याय समोर आहेत. एक, नवा पण छोटा कन्सोल, पट्ट्यांचा, प्रसंग लक्षात ठेवणारा. दुसरा, बंद पडलेल्या एका मोठ्या थिएटरातला जुना; दिसायला विमानाच्या कॉकपिटसारखा आहे, पण त्याचे सुटे भाग मिळतात की नाही हे विकणाराही छातीठोकपणे सांगत नाही. तिसरा, लॅपटॉप, एक डबी आणि सॉफ्टवेअर. हा सगळ्यात स्वस्त. अध्यक्षांचा कल तिकडेच आहे. अध्यक्ष म्हणजे तेच दातांचे डॉक्टर, ज्यांनी तुझी अक्कलदाढ काढली होती. ते म्हणाले, लॅपटॉप घेतला की एक बटण दाबायचं, कुणीही दाबेल, तुमच्या बाबांनाही आराम. ‘आराम’ हा शब्द ते कसा म्हणाले ते तू ऐकायला हवं होतंस.

बाबा बरे आहेत. अजून प्रत्येक प्रयोगाला तेच बोर्डावर, म्हणजे त्याच कन्सोलवर, असतात. चष्मा बदलायला झालाय, पण वेळ मिळत नाही म्हणतात.

तू जहाजावरच्या थिएटरात रोज असल्याच यंत्रांत असतोस. मला एवढंच सांग, कोणता घ्यावा. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस. आई गेली तेव्हा तुझं जहाज समुद्रात होतं, हे मला समजतं. बाबांना समजत नाही असं नाही. समजून घेणं त्यांना परवडत नाही, एवढंच. तू निघालास तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, जा, तिकडे जाऊन दिवे लाव. आणि तू खरोखरच दिवे लावतोयस. यावर आपण तिघांनी कधीतरी हसायला हवं होतं.

उत्तराची वाट बघते.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं. नाट्यगृहाच्या ईमेलवर, वर ‘व्यवस्थापक यांस’ असं लिहून. हरकत नाही. व्यवस्थापकाने ते तीनदा वाचलं.

तू लिहिलंस ते असं मला कळलं: आधी कन्सोल बघू नका, आधी दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे भिंतीवरचे डिमर बघा, ते जुने असतील तर नव्या यंत्राची भाषा त्यांना कळणार नाही आणि मध्ये एक दुभाषी डबी लागेल, तिचा खर्च विकणारे कधी आधी सांगत नाहीत. लॅपटॉप वाईट नाही, पण तो फक्त त्याच कामाला ठेवला पाहिजे, त्यावर तिकिटं आणि हिशेब नकोत, नाहीतर भर प्रयोगात तो स्वतःला सुधारायला बसेल. कॉकपिटच्या नादी लागू नका. छोटा, नवा, पट्ट्यांचा घ्या. आणि हे वाक्य मी जसंच्या तसं समितीत वाचून दाखवलं: ‘ज्याला काम येत नाही त्याला एक बटण पुरतं, ज्याला येतं त्याच्या बोटांखाली पट्ट्या हव्यात.’

डॉक्टर बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, मुलगा बापावर गेलाय. झालं, ठराव पास. डिमर बघून घेतले. डबी लागणारच होती. तू म्हणालास तसंच विक्रेता तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

घरी बाबांनाही वाचून दाखवलं. अलीकडे ते वर्तमानपत्रसुद्धा माझ्याकडूनच वाचून घेतात. आधी म्हणाले, मला ऐकायचं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मग स्टूल ओढून बसले. डबीचा भाग आला तेव्हा मान डोलावली. पट्ट्यांचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. शेवट ऐकल्यावर मात्र उठून गॅलरीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि चहा मागितला. आई गेल्यापासून त्यांनी तोंडाने चहा मागितलेला मला आठवत नाही. आपल्या हाताने करून घेतात.

म्हणून तुझे आभार. तुझ्या लक्षात येईल त्यापेक्षा जास्त.

तुझी बहीण


१९ मार्च

दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुझ्या ईमेलला शेवट नव्हता. ‘डबीची वायर जास्त लांब ठेवू नका’ इथे ते संपलं. बाबा स्टुलावर बसलेले, हात गुडघ्यांवर, अजून काहीतरी येणार म्हणून थांबलेले. मी कागदावर बघत राहिले आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, ‘बाबांचे हात-डोळे कसे आहेत? त्यांना विचारून मला कळव.’ एवढंच. तोंडातून निघून गेलं. तुझ्याच पद्धतीने बोलले, तुटक. त्यांना शंका आली नाही.

ते त्याचं उत्तर देतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परवा दुपारी मला हाक मारली, म्हणाले, कागद घे. त्यानं विचारलंय, सांगायला पाहिजे. मी बसले. तर म्हणाले, ‘तू फक्त लिही. ऐकू नकोस. हे आम्हा दोघांतलं आहे, धंद्यातलं.’

मी लिहून घेतलं ते असं:

‘हात ठीक आहेत. डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांच्या. चष्म्याचं नाही, आतल्या पडद्याचं आहे आणि ते भरून येत नाही असं सांगितलंय. कडेचं दिसतं. स्टेजवर माणूस आला एवढं कळतं, चेहरा कळत नाही. निळा आणि हिरवा एकच झालेत. जुनी नाटकं मी कानाने करतो. वाक्य पडलं की बोट आपोआप सरकतं. नव्या नाटकाचं काय करायचं ते कळत नाही. तू असतास तर शेजारी बसवलं असतं आणि तू नुसतं निळा, लाल सांगितलं असतंस तरी भागलं असतं. तुझ्या बहिणीला त्यातलं कळत नाही. समितीला हे कळता कामा नये. बोर्डावरून उठवतील, आणि मग मी दिवसभर काय करू? पट्ट्यांचा घ्यायला सांगितलास ते बरं केलंस. माझ्यासाठीच सांगितलंस ते मला कळलं.’

मग म्हणाले, खाली आशीर्वाद वगैरे लिहू नकोस, त्याला आवडत नाही.

मी समोर बसले होते, दादा. डोळ्यांच्या दवाखान्यात ते एकटेच जाऊन आले होते. मला सांगितलं होतं, नटबोल्ट आणायला जातो. वर्षभर आम्ही एकाच टेबलावर जेवतोय, आणि हे मला कळलं ते तुझ्या नावाने, तू न विचारलेल्या प्रश्नामुळे.

तू एक ओळ लिही. कन्सोलबद्दल नाही. त्यांच्या डोळ्यांबद्दल काहीही, खोटं आश्वासनसुद्धा चालेल. ते रोज विचारतात, काही आलं का, आणि लगेच म्हणतात, म्हणजे डबीचं.

वाट बघते.


११ एप्रिल

दादा,

तू लिहिलं नाहीस. बंदर लांब असेल, असं मी बाबांना सांगते.

जे झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे मलाही नीट दिसेल.

नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत. कन्सोल यायचा होता, म्हणून तालमी जुन्याच बोर्डावर. नाटकात एक उंच चौथरा आहे. काळोख होतो, अंधारात नायिका ‘दार कुणी उघडलं?’ म्हणते, त्यावर पायऱ्यांवर दिवा येतो आणि ती खाली उतरते. त्या दिवशी ती वाक्य विसरली. पुढची हालचाल मात्र लक्षात होती, म्हणून तशीच निघाली. बाबा वाक्याची वाट बघत बोट पट्टीवर ठेवून बसलेले. दुसऱ्या कुणाला त्या काळोखातही तिची साडी हललेली दिसली असती. त्यांना दिसली नाही. ती वरच्या पायरीवरून खाली आली ती हातावरच. मनगट मोडलं.

सगळे जुन्या बोर्डावर घसरले. भंगार आहे, पट्टी अडकली असणार, नवा आल्यावर असं होणार नाही. बाबाही म्हणाले, हो, अडकली. आणि मी गप्प उभी होते. नवा आल्यावरही होणार हे तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्या मुलीच्या जागी जी येईल तीही त्याच पायऱ्या उतरणार होती.

म्हणून मी दिग्दर्शिकाबाईंना रंगपटाच्या बाहेरच्या बोळात गाठलं आणि सांगितलं. त्यांच्या शेजारी कुणीतरी बसवा, मी म्हणाले, नुसते रंग सांगायला. एवढंच मागितलं होतं. बाईंनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी समितीला सांगितलं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. त्यांच्या मुली पायऱ्या उतरतात.

डॉक्टर स्वतः घरी आले. फळं घेऊन, म्हणजे आजाऱ्याला बघायला यावं तसे. बाबांना म्हणाले, खूप केलंत, आता निवांत बसा, बोर्डाशेजारी तुमची खुर्ची कायम राहील. बाबांनी एवढंच विचारलं, कुणी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कळतंच हो अशा गोष्टी. त्यांना दारापर्यंत पोचवून मी परत आले तर बाबा तिथेच बसलेले, फळांची पिशवी मांडीवर.

‘तू सांगितलंस?’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘बघ, आठव. बोलता बोलता कुठे...’

‘नाही, बाबा.’

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाकडे. आता ते असंच बघतात, कडेने. म्हणाले, ‘तू खोटं बोलत नाहीस. मग राहिला एकच.’

मी त्यांच्या मांडीवरची फळांची पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

‘तरीच,’ ते म्हणाले. ‘मी म्हणतच होतो, इतक्या वर्षांनी याला माझ्या डोळ्यांची काय पडलीय. काढून घेतलं माझ्याकडून आणि डॉक्टरला कळवलं. तिकडे बसून माझं बोर्ड बंद केलं.’

दादा, तू काहीच केलं नाहीस. खरोखर काहीच नाही, हेच तर आहे. आता मला खरं बोलायचं तर अर्ध्यावर थांबता येत नाही. ‘मी सांगितलं’ एवढ्यावर भागलं असतं तर त्याच क्षणी सांगितलं असतं, असं मला वाटायला आवडतं. पण मग ते विचारतील, त्यानं काय लिहिलं होतं ते पुन्हा वाच. आणि ते वाक्य त्या कागदावर नाही. आत्ता त्यांचा मुलगा दगाबाज आहे. खरं सांगितलं तर त्यांच्या मुलाने त्यांची साधी चौकशीही केली नव्हती असं होईल. यातलं त्यांना कमी काय लागेल ते मला ठरवता येत नाही.

तू ठरव. तुझ्या नावाचा प्रश्न आहे.


८ मे

दादा,

तुझं ईमेल आलं. ‘कन्सोलबद्दल काही अडलं तर विचार. बाकीच्यात मला ओढू नकोस.’ या वेळी वर ‘व्यवस्थापक यांस’ नव्हतं. वर काहीच नव्हतं.

ओढून झालंय तुला, त्याला आता इलाज नाही. जे झालं ते तुझ्याबद्दल आहे म्हणून कळवते.

कन्सोल आला. छान आहे. जेवणाच्या ताटापेक्षा थोडा मोठा, पट्ट्या लोण्यासारख्या सरकतात, दिवा न थरथरता चढतो. नव्या नाटकाचे सगळे प्रसंग दिग्दर्शिकाबाईंनी विक्रेत्याला बसवून त्यात भरून घेतले. तिकीटखिडकीवरचा माणूस तिकिटं संपली की वर येतो आणि एक बटण दाबत जातो. पट्ट्यांना कुणी हात लावत नाही. त्यांवर धूळ बसू नये म्हणून मी एक कापड शिवलंय. बोर्डाशेजारची खुर्ची ठेवलीय. बाबा एकदाही गेले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथल्या नर्सने नेहमीचे प्रश्न विचारले. वय, औषधं, घरी कोण कोण. मुलं किती, म्हणाली. बाबा म्हणाले, ‘एक मुलगी.’ रागाने नाही. औषधाचं नाव सांगावं तसं.

ते मला सहन झालं नाही. परत येताना बसस्टॉपच्या बाकावर बसलो होतो, उन्हात, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. बोळात बाईंना मी सांगितलं हे आधी. तुझं वाक्य माझं होतं हे मग.

बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, ‘म्हणजे त्यानं विचारलंच नव्हतं.’

‘नाही.’

‘आणि ते पट्ट्यांचं?’

‘ते त्याचंच. डबीचंही. सगळं त्याचं, तेवढं एक सोडून.’

‘चोख लिहिलं होतं,’ ते म्हणाले.

आमची बस आली. मी उठले, ते उठले नाहीत. बस गेली. मी पुन्हा बसले. त्यांनी हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवायला बघितला असं मला वाटलं, पण ते बाकाची कड चाचपत होते.

‘त्याच्यावर चिडलो होतो ना, तेव्हा बरं होतं गं,’ ते म्हणाले. ‘भांडायला तरी होता.’

मी म्हणाले, मी त्याला पुन्हा लिहिते, सगळं नीट लिहिते. तर म्हणाले, ‘नको. त्याला काय करायचंय. त्याचं काम चांगलं चाललंय, चालू दे.’ मग उठले आणि पुढच्या बसचा नंबर मला न विचारता स्टॉपवर आलेल्या एका माणसाला विचारला.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

तुला यायला सांगायला हे पत्र नाही. आलास तर काय बोलणार आहात तुम्ही, मला सुचत नाही. आधी निदान एक भांडण होतं तुमच्यात. तेही मी सोडवून ठेवलं. तू वाचतोस की नाही हेही मला माहीत नाही. ऑफिसवाले पाकीट पुढे पाठवतात एवढंच त्यांनी कळवलंय. मीही आता लिहिणार नाही. बाबांनी सांगितलं म्हणून, आणि खरं म्हणजे विचारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. कन्सोल नीट चालतोय.

घरात सगळं शांत आहे. ते माझ्याशी बोलतात, जेवतात, भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात. रागावलेले नाहीत. फक्त, माझ्याकडून आता काही वाचून घेत नाहीत. वर्तमानपत्र, दवाखान्याची चिठ्ठी, विजेचं बिल, जे येईल ते घेऊन भिंतीला धरून धरून शेजारच्या काकूंच्या दारापर्यंत जातात आणि बेल वाजवतात. मी घरातच असते. काकू मोठ्याने वाचतात, मला सगळं ऐकू येतं. एकेक आकडा. मध्येच बाबा त्यांना थांबवतात आणि विचारतात, ‘असंच लिहिलंय ना?’